पांढरी एक, चार तारा

नवं युकुलेले घेतलं की खोक्यात एक कागद निघतो. त्यावर चार अक्षरं छापलेली असतात: जी, सी, ई, ए. तारा या सुरांना लावा. इथे एक बोट ठेवा, ही सी कॉर्ड. इथे तीन ठेवा, ही जी कॉर्ड. यूट्यूबवरचे मास्तरही बहुधा याच वाटेने नेतात. ज्याच्या कानावर लहानपणापासून गिटार पडली आहे त्याचं यावर भागतं. पण यवतमाळहून अमरावतीकडे जाताना लागणाऱ्या नेर परसोपंतसारख्या गावात ज्याचा कान भजनाच्या पेटीवर तयार झाला, त्याला या चार तारा मोकळ्या छेडल्यावर काहीतरी खटकतं. ट्यूनरचा दिवा हिरवा आहे, प्रत्येक तार आपल्या जागी बरोबर आहे, आणि तरी वाद्य ‘लागलं’ असं वाटत नाही.

कान बरोबरच सांगतो आहे. सीला सा मानलं तर या चार तारा प, सा, ग, ध अशा बोलतात. एला सा मानलं तर त्याच तारा कोमल नी, कोमल ग, प, सा होतात. एका नादात दोन सा दडलेले असले की ऐकणाऱ्याची गत दोन घरच्या पाहुण्यासारखी होते. तो उपाशीच राहतो. पाश्चात्त्य पद्धतीत याचं काही बिघडत नाही, कारण तिथे मोकळ्या तारा हा शेवटचा मुक्काम नसतोच. डावा हात लगेच कॉर्ड धरतो आणि सा कुठला ते कॉर्ड ठरवते. आपल्याकडे मात्र गाणं सुरू होण्याआधी सा लागलेला असावा लागतो, आणि गाणं संपेपर्यंत तो मागे वाजत राहावा लागतो.

यावर उपाय एका खुंटीचा आहे. ए ची तार ढिली करत जीपर्यंत आणायची, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली. आता तारा झाल्या जी, सी, ई, जी. पेटीच्या भाषेत पांढरी एकचा सा धरला तर प, सा, ग, प. दुसरा सा नाहीसा झाला. कोणतंही बोट न ठेवता चारही तारा एकाच सा भोवती उभ्या राहिल्या. अशा जुळणीला गिटारवाले ओपन ट्यूनिंग म्हणतात. या प्रकरणात मी तिची बाजू घेणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की भजनाचा कान असलेल्या माणसाने युकुलेले आधी तंबोऱ्याच्या चालीने लावावं. कॉर्डचं पुस्तक नंतर उघडावं.

तार मिळवायला ट्यूनरही लागत नाही. तारा खालून मोजतात: जमिनीकडची पहिली, नाकाकडची चौथी. चौथी तार जी ची आहेच. ती छेडा, लगेच पहिली छेडा आणि पहिली हळूहळू उतरवत आणा. दोन्ही जवळ आल्या की नादात एक थरथर ऐकू येते, वॉव-वॉव अशी. एक तार सेकंदाला 392 वेळा हलत असेल आणि दुसरी 394 वेळा, तर ही थरथर सेकंदाला दोनदा येते. फरक कमी होईल तशी ती संथ होते, आणि तारा एक झाल्या की थांबते. तंबोरा मिळवणारा जोडीच्या तारांवर कान लावून नेमकं हेच ऐकत असतो. एक पथ्य पाळावं: तार हव्या त्या सुराच्या किंचित खाली नेऊन मग वर चढवत आणावी. वरून उतरवून सोडलेली तार खुंटीवर सैल बसते आणि दोन मिनिटांत फिरते.

तंबोऱ्याचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. तंबोऱ्याला तारा बहुधा चारच. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खरजाची. म्हणजे तारा उंचीच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. मधला सूर, मग दोनदा वरचा, मग एकदम तळाचा. युकुलेलेचीही हीच खोड आहे. सगळ्यात वर, नाकाकडे असलेली तार सगळ्यात खालच्या सुराची असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेपेक्षा उंच बोलते. गिटार शिकलेला माणूस इथे गोंधळतो. तंबोरा पाहिलेल्याला गोंधळायचं कारण नाही. शिवाय तंबोऱ्याची पहिली तार पंचमालाच बांधलेली असते असंही नाही. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमाला उतरवतात. काही रागांत ती निषादाला लावतात. गाणं बदललं की तार बदलायची, हा ओपन ट्यूनिंगचा मूळ विचार मिरजेच्या कारागिरांना आणि त्यांच्याकडून तंबोरे नेणाऱ्या गवयांना कधीच नवा नव्हता. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे होतात, आणि 2024 साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता गंमत अशी, की युकुलेलेच्या दृष्टीनेही ही जुळणी परकी नाही. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर माशेत नावाचं चार तारांचं छोटं वाद्य होतं. 23 ऑगस्ट 1879 रोजी ‘रेवन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेराहून होनोलुलूला पोचलं. उसाच्या मळ्यांवर कामाला आणलेली माणसं त्यात होती, आणि त्यांच्यात मानुएल नुनेस, आउगुस्तु दियास आणि जुझे दु इस्पिरितु सांतु असे तीन सुतार होते. मळ्यांचे करार संपल्यावर या तिघांनी होनोलुलूत वाद्यं बनवायला घेतली आणि त्यांतून युकुलेले घडलं. अंग माशेतचं घेतलं, पण सुरांची मांडणी रजाऊं नावाच्या मदेरातल्याच दुसऱ्या, पाच तारांच्या वाद्यावरून आली. जी-सी-ई-ए तिथलं. खुद्द माशेत मात्र डी-जी-बी-डी असं लावत. जीला सा म्हणा: प, सा, ग, प. म्हणजे आपण ए ची तार उतरवून जी मांडणी मिळवली ती माशेतचीच. फरक एवढाच की माशेतची चौथी तार खालच्या पंचमाला असे. ब्राझीलमधलं काव्हाकिन्यु आजही डी-जी-बी-डीत लावतात. याच पोर्तुगीजांचं राज्य आपल्या शेजारी गोव्यात साडेचारशे वर्षं होतं. त्यांचं हे एवढंसं वाद्य आपल्यापर्यंत यायला मात्र हवाईला वळसा पडला.

हवाईत तारा ढिल्या करण्याची रीत युकुलेलेच्याही आधीची. कॅप्टन व्हँकूव्हरने 1793 मध्ये राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. ती मारायला बंदी होती, म्हणून ती वाढत वाढत मोकाट झाली आणि लोकांच्या शेतांत शिरू लागली. 1830च्या दशकात ती आवरायला मेक्सिकन गुराखी बोलावले. ते गिटारी घेऊन आले. हवाईच्या लोकांनी गिटार उचलली, पण तिच्या तारा आपल्या गळ्याला बसतील अशा ढिल्या करून घेतल्या. या वादनाला ते ‘की होआलु’ म्हणतात. अंगठा खालच्या तारांवर सा-प धरून ठेवतो, बाकीची बोटं वर धून वाजवतात. जुळण्यांचे डझनावारी प्रकार झाले आणि प्रत्येक कुटुंबाने आपली जुळणी लपवून ठेवली; परका माणूस बघतोय म्हटल्यावर वादक तारा बदलून टाकत. घराण्याची चीज बाहेर जाऊ न देणारे आपले खाँसाहेब आणि हे हवाईचे आजोबा एकाच मातीचे म्हणायचे. गॅबी पाहिनुई यांच्या 1946च्या ध्वनिमुद्रणानंतर ही कला बाहेर ऐकू येऊ लागली आणि 1970च्या दशकात कियोला बीमर यांच्यासारख्या वादकांनी ती उघडपणे शिकवायला घेतली. की होआलुची गिटारवरची सगळ्यात प्रचलित जुळणी जी च्या सा वर आहे. युकुलेलेवर तिचं काम करते ती आपली जी-सी-ई-जी.

इतिहास पुरे. वाद्य हातात घ्या.

तिसरी तार मोकळी: सा. तिच्यावर दुसऱ्या पडद्यात बोट: रे. दुसरी तार मोकळी: ग. पहिली मोकळी: प. पहिलीवर दुसरा पडदा: ध. पहिलीवर पाचवा पडदा: वरचा सा. झाला भूप. सा पासून ध पर्यंत डाव्या हाताला एकच पडदा लागला, दुसरा. पहिल्या तारेवर तसंच पुढे गेलात तर सातव्या पडद्यात रे, नवव्यात ग आणि बाराव्यात, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, प. आता उजवा अंगठा चौथ्या तारेवर ठेवा आणि दर मात्रेला ती मोकळी छेडत राहा. चौथी आणि पहिली एकाच पंचमाच्या आहेत, म्हणून धून पहिल्या तारेवर प ला आली की दोन्ही मिळून जोडीसारख्या घुमतात. कागदावरच्या जी-सी-ई-ए जुळणीत हे मिळत नाही. तिथे प साठी दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा दाबावा लागतो, आणि ध मोकळा वाजतो. म्हणजे जो स्वर टिकायला हवा तो दाबलेला आणि जो येऊन जायचा तो मोकळा. उलटा कारभार.

शुद्ध मध्यम दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यात आहे, शुद्ध निषाद पहिल्या तारेच्या चौथ्यात. बिलावलाची अख्खी सरगम चार पडद्यांत मावते आणि पाचव्यात वरचा सा. पेटी वाजवणाऱ्याने हे एकदा बोटांनी मोजून पाहिलं की त्याला स्वरलिपीचं कोणतंही पुस्तक युकुलेलेवर वाजवता येतं. कॉर्डच्या चौकटी पाठ कराव्या लागत नाहीत.

खरा प्रश्न पट्टीचा. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, मागून भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (1909–1968) मोझरी इथून फार लांब नाही आणि श्रीगुरुदेव सेवामंडळाची भजनं या भागात गावोगाव चालतात. खंजिरीला पट्टीचं बंधन नसतं. पेटीला असतं. पेटीवाले काकाजी भाता सैल करत विचारतात, “कोन्या पट्टीत धरू गा?” गाणारा म्हणतो, “काळी एक लावा, काकाजी.” इथे युकुलेलेवाला अडकतो, कारण त्याची जुळणी पांढरी एकला. कॉर्ड शिकलेला मुलगा अशा वेळी काळी एकच्या कॉर्ड शोधत बसतो आणि त्या सगळ्या बोटं मोडणाऱ्या निघतात. ओपन जुळणीवाल्याला फक्त कॅपो, म्हणजे चारही तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लागतो. पहिल्या पडद्यावर कॅपो चढवला की चारही तारा अर्ध्या स्वराने वर गेल्या: काळी एक. बोटांच्या जागा त्याच राहिल्या, मोजायचं फक्त कॅपोपासून. दुसऱ्या पडद्यावर लावला तर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन. कॅपो युकुलेलेचाच घ्यावा. गिटारचा कॅपो जड पडतो आणि छोट्या मानेवर वाद्याचा तोल जातो.

काळी एक ही पुरुषांची नेहमीची पट्टी. बायकांचं भजनी मंडळ असेल तर बहुतेकदा काळी चार किंवा तिच्या आसपास. तिथपर्यंत कॅपो सरकवत नेला तर तो आठव्या पडद्यावर जाईल आणि वाद्याचं खेळणं होईल. त्यासाठी दुसरी जुळणी आहे: जी-बी-डी-जी. चौथी तार तशीच ठेवायची. सी उतरवून बी, ई उतरवून डी, ए उतरवून जी. आता सा पांढरी पाच, आणि तारा वाचतात सा, ग, प, सा. बाहेरच्या दोन्ही तारा षड्जाच्या झाल्या, एकाच उंचीच्या. म्हणजे तंबोऱ्याची जोड हातात आली, आत मंद्रातले ग आणि प. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा: काळी चार. पांढरी एकवाली जुळणी अधिक कॅपो म्हणजे पुरुषांची पट्टी, पांढरी पाचवाली जुळणी अधिक कॅपो म्हणजे बायकांची. मला स्वतःला ही दुसरी जुळणी जास्त आवडते. तिच्यात धून वाजवणं किंचित अवघड आहे, कारण सा पासून वरची सरगम एकाच तारेवर लांबवर धावते, पण नुसता सूर धरायला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही.

आता कानाच्या कसोटीचा भाग. तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खरजाच्या तारेतून निघतो. तार संपूर्ण हलते तशीच ती पाच समान भागांतही हलते, आणि त्या पाचव्या भागाचा नाद म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. युकुलेलेच्या ओपन जुळणीत मात्र गंधाराला स्वतंत्र तार आहे, आणि ट्यूनरने लावलेली ही तार स्वयंभू गंधाराशी जुळत नाही. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर ट्यूनरचा आणि पेटीचा गंधार सा पासून 400 सेंटांवर असतो; तारेतून आपोआप येणारा 386वर. चौदा सेंटांचा फरक म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. ऐकायला बारीक वाटतो, पण तंबोऱ्याच्या ॲपबरोबर वाजवून पाहा. गंधाराची तार चढेल वाटते, टोचते. म्हणून पेटी नसेल, फक्त तंबोरा असेल, तेव्हा दुसरी तार अशी लावावी की ट्यूनरचा काटा मध्याच्या किंचित डावीकडे राहील. पेटी बरोबर असेल तर मात्र हा शहाणपणा करू नये. पेटीशी भांडून जिंकता येत नाही.

उतरवलेल्या गंधाराची एक किंमत आहे. त्याच तारेवरचा मध्यमही तेवढाच उतरतो आणि बेसूर होतो. त्यावर दोन वाटा: मध्यम तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यात घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या तारेवर दाबलेलं बोट किंचित बाजूला ओढून स्वर वर चढवायचा. नायलॉनची तार ओढली तरी फार चढत नाही, पण एवढ्या फरकापुरती चढते. भूपात मध्यमच नाही, म्हणून सुरुवात भूपाने करा.

भैरवीला गंधाराची तार अर्धा स्वर उतरवून कोमल गंधाराला लावायची. मग सा तिसरी मोकळी, कोमल रे तिच्या पहिल्या पडद्यात, कोमल ग दुसरी मोकळी, मध्यम दुसरीच्या दुसऱ्या पडद्यात, प पहिली मोकळी, कोमल ध पहिल्या पडद्यात, कोमल नी तिसऱ्यात. हात जवळजवळ हलत नाही. मालकंस मात्र या वाद्याला जड जातो. पंचम वर्ज्य असल्याने बाहेरच्या दोन्ही तारा मध्यमाला न्याव्या लागतात, आणि पहिली तार मूळच्या ए वरून एफपर्यंत उतरली की तिचा ताण एकतृतीयांशाहून जास्त घटतो. तार लोंबते, पडद्यावर खरखरते. ती खरखर म्हणजे तंबोऱ्याची घुमणारी जवारी नव्हे.

ताणाचा हिशोब समजून घेतला तर तारा तुटत नाहीत. तार ज्या पटीने चढते त्या पटीच्या वर्गाने ताण वाढतो. ए वरून जीला उतरताना ताण सुमारे 21 टक्के कमी होतो. वाद्य ते सहज सोसतं, आवाज थोडा मवाळ होतो एवढंच. उलट एखादी तार दीड स्वर चढवली तर ताण 41 टक्क्यांनी वाढतो. गिटारवाल्यांच्या पुस्तकात काही ओपन जुळण्या तार चढवून केलेल्या असतात. त्या युकुलेलेवर करू नयेत. ब्रिज हे डिंकाने चिकटवलेलं लाकूड असतं आणि विदर्भाच्या मे महिन्यात डिंक आधीच नरमलेला असतो. पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत वाद्य उभ्या गाडीत ठेवणं म्हणजे ते गमावणं. याच कारणासाठी इथे अखंड लाकडाच्या महाग वाद्यापेक्षा थरांच्या लाकडाचं साधं वाद्य बरं. हवाईत युकुलेले कोआ नावाच्या झाडापासून करतात. सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि कोआ एकाच प्रजातीगटातल्या. जात भारी आहे, पण कोरड्या हवेत भेगाळायचं चुकत नाही.

सुरुवातीचे काही दिवस उतरवलेली तार स्वतःहून थोडी चढते आणि चढवलेली थोडी उतरते. नायलॉनचा तो स्वभाव आहे. वाद्य खराब नाही. एक जुळणी ठरवा आणि वाद्य तिच्यातच राहू द्या. रोज इकडून तिकडे केलंत तर तार कधीच स्थिर होणार नाही.

कॉर्डचं काय, असं विचारणारे असतातच. ओपन जुळणीत कॉर्ड जातात कुठे? एक बोट आडवं ठेवून पाचव्या पडद्यात चारही तारा दाबल्या की मध्यमाची कॉर्ड, सातव्यात पंचमाची, मोकळ्या ठेवल्या की षड्जाची. पाचवा पडदा तारेच्या पाव लांबीवर असतो, सातवा एकतृतीयांशावर. साधारण 38 सेंटिमीटर तारेच्या कॉन्सर्ट आकाराच्या युकुलेलेवर ही अंतरं साडेनऊ आणि पावणेतेरा सेंटिमीटर येतात. तीन कॉर्डमध्ये बसणाऱ्या चाली पुष्कळ आहेत. धैवताची मायनर कॉर्ड हवी असेल तर चौथ्या आणि पहिल्या तारेचा दुसरा पडदा दाबा, मधल्या मोकळ्या. रिषभाची मायनर हवी असेल तर चौथी दोन, तिसरी दोन, दुसरी एक, पहिली दोन. पण हेही कबूल करायला हवं, की आजच्या सिनेसंगीतात कॉर्ड दर दोन मात्रांनी बदलतात, आणि तिथे कागदावरची जी-सी-ई-ए जुळणीच सोयीची. ती मांडणी वाईट नाही. ती वेगळ्या कामाची आहे.

परदेशी वाद्य आपल्या सुरात बसवण्याचं काम आपण पूर्वीही केलेलं आहे. पेटी युरोपातली, आपण तिचे पाय काढून तिला सतरंजीवर बसवलं. वऱ्हाडातल्या वरातीत आणि गणपतीत वाजणारा बँजो हे तर मूळचं जपानी वाद्य. गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये नागोयात तैशोगोतो तयार केलं, ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप आणि ॲम्प्लिफायर जोडून मराठी मुलुखाने त्याचा बँजो केला. 2016 मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन त्याच नावाचा सिनेमाही केला. त्या बँजोच्या तारा कशा लावतात पाहा: धुनेच्या तारा एका सुराला, बाजूच्या सा-प धरणाऱ्या. कॉर्डची भानगडच नाही. बँजोवाल्यांनी हे कुणाला विचारून केलं नाही.

ओपन जुळणीचा सगळ्यात मोठा फायदा तारेवर काच किंवा पोलादाचा तुकडा सरकवून वाजवण्यात. हवाईचा जोसेफ केकुकू शाळकरी वयात, 1889च्या सुमारास, गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादाने वाजवू लागला. त्याच्या आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका तरुणाने होनोलुलूत हे केलं होतं असा दावाही जुन्या हवाईकरांनी नोंदवला आहे. पुढे ताऊ मोए यांचं कुटुंब 1940च्या दशकात हिंदुस्थानात राहून गेलं, कोलकात्यात हवाईयन गिटार रुजली, आणि मुंबईत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी सिनेमाच्या चाली तिच्यावर वाजवून रेकॉर्ड काढल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवला. 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला तीच आहे. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. हे सगळं मोठ्या गिटारचं. पण कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनी आपल्या वाद्यांमध्ये चार तारांचं एक छोटं स्लाइड युकुलेलेही घडवलं आणि त्याला ‘आनंदी’ असं नाव दिलं. त्यावर ते राग वाजवतात.

घरच्या युकुलेलेवर हे करून पाहायचं तर ते मांडीवर आडवं घ्या आणि काचेची जाड, गुळगुळीत नळी तारांवर टेकवा. दाबायची नाही. बोट पडद्याच्या मागे ठेवतात, काच मात्र पडद्याच्या तारेच्या बरोबर वर; अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाली की सूर गेला. मग पहिल्या तारेवर पाचव्या पडद्यापासून सातव्यापर्यंत काच सावकाश ओढा: सा पासून रे पर्यंत मींड. तारा पडद्यांच्या फार जवळ असल्या तर काच खडखडते. स्टीलचा नट रेझर मानेच्या टोकाशी बसवला की तारा उचलल्या जातात, आणि तो काढला की वाद्य पुन्हा पूर्ववत.

तंबोऱ्याची सर याला येत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. जवारी नाही, भोपळा नाही, आणि छेडलेला स्वर दोन-तीन सेकंदांत विरतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा छेडत राहावा लागतो, आणि तंबोऱ्याचा तो अखंड घुमणारा पडदा इथे तयार होत नाही. पण वाद्य पिशवीत मावतं, खंजिरीच्या आवाजाखाली दबलं तरी गाणाऱ्याच्या कानापाशी पोचतं, आणि एका बैठकीत भूप वाजवायला लागता येतं.

तेव्हा घेणाऱ्याने एवढं ठरवावं. मित्रांत बसून सिनेमाची गाणी म्हणायची असतील तर पहिली तार ए लाच राहू द्यावी आणि कॉर्ड शिकाव्यात. भजनात बसायचं असेल, पेटीशेजारी सूर धरायचा असेल किंवा एखाद्या रागाची धून काढायची असेल, तर ती आजच जीला उतरवावी, पहिल्या पडद्यावर कॅपो लावावा आणि काळी एकमध्ये सा धरावा.